संगणकाची रॅम : घरी बसवावी की बसवून आलेलीच घ्यावी?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा आणि पाचट यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते व ती रास्तच आहे. परंतु गेल्या हंगामापासून मेडशी गटात बांधावर उभे राहिले की ऊसनोंदीच्या प्रश्नामागोमाग दुसरा एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पोरीले काम्पुटर घेऊन देलं, पन ते सुरू व्हालेच पाच मिनिटं लागते. दुकानदार म्हनते रॅम वाढवा, नाहीतर नवीनच घ्या. काय करावं?" हाच प्रश्न दूध संस्थेच्या सचिवांनी केला, सेवा केंद्र चालविणाऱ्या तरुणांनी केला, आणि आमच्याच शेतकी खात्यातील मंडळींनीही केला. एकेकाला तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहावे म्हणून हा खटाटोप.

प्रश्न लहान दिसतो, पण त्यामागे दीड-दोन हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंतचा खर्च लपलेला आहे. हा पैसा बहुधा ऊसबिलाच्या हप्त्यातून जातो. वर्ष-सव्वा वर्ष पाणी देऊन, रानडुकरांपासून राखून आणलेल्या उसाचा तो पैसा. तो समजून उमजून जावा एवढाच हेतू.

प्रथम रॅम म्हणजे काय ते पाहू. गोदाम, यार्ड आणि मिल या तीन जागा आपणा सर्वांच्या ओळखीच्या आहेत. संगणकातील प्रोसेसर म्हणजे आपली मिल. प्रत्यक्ष गाळप तेथे होते. हार्ड डिस्क म्हणजे गोदाम. माल तेथे महिनोन्‌महिने पडून राहिला तरी बिघडत नाही. आणि रॅम म्हणजे मिलसमोरचे यार्ड. गाळपाला लागणारा माल आधी यार्डात हजर असावा लागतो. यार्ड लहान असले तर मिल कितीही मोठी असो, गाड्या बाहेर रस्त्यावर उभ्या राहतात आणि मिल अधूनमधून रिकामी फिरते. संगणकात नेमके हेच होते. रॅम भरली की संगणक जास्तीचा माल तात्पुरता हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो व लागेल तसा परत आणतो. रॅममधून माहिती काढण्यास जेवढा वेळ लागतो, त्याच्या सुमारे लाखपट वेळ फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला लागतो. तेव्हा पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहते आणि आपण माऊस आपटत बसतो.

यार्डाची उपमा एका बाबतीत मात्र लंगडी पडते. वीज गेली म्हणून यार्डातला ऊस नाहीसा होत नाही. रॅममधला माल मात्र वीज जाताच पुसला जातो. रॅममध्ये प्रत्येक अक्षराची खूण सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने साठवलेली असते आणि तो भार मडक्यातल्या पाण्यासारखा सारखा झिरपत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर ही खूण टिकविण्याची युक्ती आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची. त्यांना १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. पुढे १९७० मध्ये इंटेलने ११०३ नावाची चिप बाजारात आणली, तिच्यात १,०२४ खुणा मावत. आज मुलाच्या संगणकात जी ८ जीबीची बोटभर रुंद पट्टी असते तिच्याएवढी साठवण करायची तर तशा सुमारे ६ कोटी ७१ लाख चिपा लागल्या असत्या. मेडशीहून मालेगावपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली असती की काय, हा हिशेब मी केलेला नाही.

आता मूळ मुद्दा. संगणक ज्या कारखान्यात बनतो (येथे कारखाना म्हणजे आपला साखर कारखाना नव्हे, हे ध्यानात असावे) तेथूनच जास्त रॅम घालून घ्यावी, की कमी रॅमचा घेऊन नंतर आपल्या हाताने वाढवावी? हा वाद घरगुती संगणकाइतकाच जुना आहे. १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी आणला, तो १६ केबी रॅमचा मिळे आणि त्याच्या मुख्य पाटीवर मोकळ्या बैठकांत चिपा खोचून ती ६४ केबीपर्यंत नेता येई. कंपनीकडून वाढवून घेतल्यास जास्त पैसे, बाहेरून चिपा आणून आपण खोचल्यास कमी, हे लोकांच्या तेव्हाच लक्षात आले. त्यात आजही फारसा फरक नाही. ॲपल कंपनीने २०२४ मध्ये काढलेल्या मॅक मिनी संगणकात ८ जीबी रॅम वाढवून घ्यायची तर अमेरिकेत २०० डॉलर जादा पडत. त्या सुमारास साध्या पीसीची तेवढीच पट्टी बाजारात त्याच्या एक दशांश किमतीच्या आसपास मिळे. दोन्ही वस्तू अगदी एकसारख्या नाहीत हे खरे, पण दहापट फरक तेवढ्याने समजत नाही. ॲपलची रॅम प्रोसेसरजवळ कायमची जोडलेली असते, नंतर वाढविता येत नाही. ग्राहकाला दुसरे दुकानच नसले की भाव कोण ठरवणार, हे ऊस उत्पादकाला समजावून सांगायला नको.

तेव्हा खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न किमतीचा नसून हा असावा : "यात रॅम नंतर वाढविता येते का, आणि मोकळा खाचा किती?" टेबलावर ठेवायच्या उभ्या डब्याच्या संगणकात बहुधा दोन किंवा चार खाचे असतात व काम सोपे असते. पडद्यामागेच सर्व यंत्र बसविलेले ऑल-इन-वन आणि तळहाताएवढे मिनी पीसी यांत बहुधा लॅपटॉपची आखूड पट्टी लागते. पातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅम मुख्य पाटीवर डाग देऊन पक्की केलेली असते; तेथे घेतानाच पुरेशी घ्यावी, दुसरा इलाज नाही.

नवीन उभा संगणक घेताना माझे मत असे की ८ जीबीची एकच पट्टी व एक खाचा मोकळा अशी मागणी करावी. पुढे गरज लागल्यास तशीच दुसरी पट्टी घालता येते, आणि दोन सारख्या पट्ट्या जोडीने चालल्यास माहितीची ने-आण दोन रस्त्यांनी होते, तोही फायदाच. काही दुकानदार ४-४ च्या दोन पट्ट्या घालून दोन्ही खाचे भरून देतात. चालते चांगले, पण वाढवायच्या वेळी दोन्ही काढून टाकाव्या लागतात.

जुना संगणक असेल तर मात्र दुकानात जाण्यापूर्वी घरीच तपासणी करावी. माती परीक्षण न करता खताची पोती टाकू नयेत असे मी आपणांस वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, ते येथेही लागू आहे. नेहमीची कामे उघडून ठेवावीत : ब्राउझर, टायपिंग, मुलीचे वर्गाचे व्हिडिओ, जे काय असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात मेमरीवर टिचकी मारावी. एकूण रॅम किती, वापरात किती, पट्टीचा वेग किती आणि किती खाचांपैकी किती भरलेले, हे सर्व विंडोज १० मध्ये तेथेच दिसते. वापर ८५-९० टक्क्यांवर टेकलेला असेल तर रॅम कमी आहे. पण मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र सतत १०० टक्के दाखवीत असेल तर दोष यार्डाचा नाही, गोदामाचा आहे. तेथे ३२ जीबी रॅम घातली तरी संगणक सुरू व्हायला तेवढीच पाच मिनिटे लागतील. अशा वेळी फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. आपल्या भागात घरोघर जे आठ-दहा वर्षांचे संगणक आहेत त्यांत मला बहुतेक वेळा हेच आढळले, आणि दुकानदाराने मात्र रॅम सांगितलेली होती.

दुसरी एक अडचण जुन्या यंत्रांत भेटते. विंडोज ३२ बिटची असेल तर ती साधारणपणे ४ जीबीच्या वरची रॅम वापरूच शकत नाही. प्रत्यक्षात तीन-साडेतीनच हाताशी लागते. तेथे पट्टी घालण्याआधी ६४ बिटची विंडोज घालावी लागेल.

रॅमच्या जाती

उसाच्या जातीप्रमाणे रॅमच्याही पिढ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ चालत नाही. डीडीआर-३ साधारण २००७ पासून, डीडीआर-४ २०१४ पासून, आणि डीडीआर-५ २०२१ च्या सुमारास पीसीत आली. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी कापलेली असते, ती मुद्दामच, म्हणजे चुकीची पट्टी बसूच नये. ती बसत नाही म्हणून अंगठ्याने जोर लावणारे महाभाग आहेत. त्यात पट्टीही जाते आणि पाटीही. विजेचा दाबही वेगळा : डीडीआर-३ ला दीड व्होल्ट, डीडीआर-४ ला १.२, डीडीआर-५ ला १.१.

एकाच पिढीच्या पण निरनिराळ्या वेगाच्या दोन पट्ट्या घातल्यास बहुधा चालतात, पण मंद पट्टीच्या वेगाने. जोडीत एक खोंड चपळ आणि दुसरा म्हातारा बैल असला तर गाडी म्हाताऱ्याच्या चालीने जाते, तसे. म्हणून २४०० च्या जोडीला ३२०० ची महाग पट्टी घेऊन वेग वाढेल ही आशा करू नये.

ऑनलाइन खरेदीत दोन गोष्टींची धास्ती बाळगावी. मोठ्या सर्व्हरमधून काढलेल्या 'रजिस्टर्ड' जातीच्या पट्ट्या फार स्वस्त दिसतात. त्या आपल्या साध्या संगणकात चालत नाहीत. तसेच डीडीआर-३ च्या काही स्वस्त ८ जीबी पट्ट्या केवळ एएमडी प्रोसेसरच्या पाटीवर चालतात, आणि ही अट बारीक अक्षरांत लिहिलेली असते. घरी इंटेल असेल तर पैसे पाण्यात.

प्रत्यक्ष बसविताना

काम दहा मिनिटांचे आहे, पण आपल्याकडच्या विजेची एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांत अर्थिंग नावापुरते असते किंवा नसतेच. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर बसविलेले असतात व ते डब्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसले की डब्यावर मुख्य दाबाच्या साधारण निम्मा, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टचा बारीक प्रवाह उतरतो. "डबा चावते" असे पोरे सांगतात ते हेच. त्याने सहसा माणसाला इजा होत नाही, पण उघड्या पाटीला होऊ शकते. म्हणून नुसते बटण बंद करून भागत नाही, भिंतीतून पिन काढावी. पिन काढल्यावर सुरू करायचे बटण एकदा दहा सेकंद दाबून धरावे, आत उरलेला भार निघून जातो. आणि सवड झाली की एखाद्या जाणत्या वायरमनकडून घराचे अर्थिंग करून घ्यावे; संगणकासाठी नाही तर घरातल्या माणसांसाठी.

मग डब्याचे पत्र उघडावे. आत धूळ असणारच. आमच्या गटात तर सोयाबीनच्या मळणीनंतर उघडलेल्या एका डब्यात भुसा निघाला आणि पालीची दोन अंडीही. मऊ ब्रशने झाडावे, फुंकू नये. तोंडाच्या फुंकरीत ओल असते. रॅमला हात लावण्यापूर्वी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात टेकवावा. उन्हाळ्यात आपल्या वऱ्हाडात हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा सदरा काढताना चटचट आवाज येतो. त्या ठिणगीएवढ्या विजेनेही चिप मरू शकते, आणि मेली तरी वरून काही दिसत नाही.

खाचाच्या टोकाची खिटी बाहेर ढकलली की जुनी पट्टी उचलून येते. नवी पट्टी दोन्ही कडांनी धरावी, सोनेरी टोकांना बोट लावू नये. खाच जुळवून दोन्ही टोके सारखी दाबावीत. 'टक' असा आवाज होऊन खिटी आपोआप मिटली पाहिजे. ती मिटली नाही तर पट्टी बसलेली नाही. सुरू केल्यावर पडदा काळा राहून आतून शिट्टीसारखे आवाज आले तर घाबरू नये, दहापैकी नऊ वेळा पट्टी अर्धवट बसलेली असते. पुन्हा पिन काढून पुन्हा बसवावी. जुन्या पट्टीची टोके काळवंडली असतील तर शाळेतल्या साध्या खोडरबराने हलकेच पुसावीत, मात्र संगणकापासून दूर, कारण रबराचा चुरा खाचात गेला तर नवे दुखणे.

बसवून आलेलीच केव्हा घ्यावी

हाताने करण्यात पैसे वाचतात, म्हणून ते नेहमीच शहाणपणाचे असे मी म्हणणार नाही. दूध संस्था, सेवा सोसायटी, शाळा किंवा आपले गट कार्यालय यांनी संगणक घेताना रॅमसकट एकाच बिलावर घ्यावा. हमी एकाची राहते. यंत्र बिघडले तर पट्टीवाला पाटीवाल्याकडे आणि पाटीवाला पट्टीवाल्याकडे बोट दाखवीत नाही. शिवाय लेखापरीक्षणाच्या वेळी डेड स्टॉक रजिस्टरला ८ जीबी आणि डब्यात ४ जीबी निघाली तर उत्तर सचिवाला द्यावे लागते. नंतर रॅम वाढविलीच तर तिचे बिल जोडून रजिस्टरला त्याच दिवशी नोंद करावी, आणि यंत्र दुरुस्तीला पाठविताना आतल्या पट्ट्यांचा फोटो काढून ठेवावा. घरच्या नव्या संगणकाची हमी चालू असेल तर डबा उघडण्यापूर्वी हमीपत्र वाचावे. काही कंपन्या रॅम बदलण्यास हरकत घेत नाहीत, काही झाकणावर चिकटपट्टी लावतात.

किमतीबाबत सध्या जपून असावे. २०२५ च्या पूर्वार्धात ८ जीबीची डीडीआर-४ पट्टी दीड-दोन हजारांच्या घरात मिळत होती. त्या वर्षाच्या अखेरीस भाव दुपटीच्या वर गेले. कारण शोधायला दूर जावे लागते. जगातील बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या करतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक केंद्रांनी त्यांचा माल उचलण्यास सुरुवात केली. त्या केंद्रांना लागणारी खास रॅम करण्यात नफा जास्त, म्हणून तिकडे उत्पादन वळले. मायक्रॉनने तर क्रुशियल या नावाने किरकोळ ग्राहकांना पट्ट्या विकण्याचा, १९९६ पासून चालत आलेला धंदाच बंद करीत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. मोठ्या खरेदीदाराने सगळा माल आगाऊ बांधून घेतला की किरकोळ ग्राहकाला मिळेल त्या भावाने घ्यावे लागते. अशा काळात "आधी कमी घेऊ, मग स्वस्तात वाढवू" हा जुना हिशेब उलटाही पडू शकतो. तयार संगणकातील रॅम जुन्या भावाच्या साठ्यातली असली तर तीच स्वस्त पडते. तेव्हा दोन्हीचे भाव अकोला आणि वाशीम अशा दोन्ही ठिकाणी विचारून मगच ठरवावे.

आणखी एक. विंडोज १० ची कंपनीकडून मिळणारी नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला इंटेलचे साधारण २०१७ च्या अखेरीपासूनचे, म्हणजे आठव्या पिढीचे व पुढचे प्रोसेसर लागतात. त्याआधीच्या यंत्रात नव्या भावाने रॅम भरणे मला पटत नाही. मुलांना टायपिंग शिकायला, हिशेब लिहायला ते यंत्र लिनक्स घालून अजून चार वर्षे काढील, परंतु बँकेचे व्यवहार त्या जुन्या विंडोजवर करू नयेत.

संगणक मुळात कशासाठी हवा हेही पाहिले पाहिजे. कोल्हापूर-सांगली भागात वारणा सहकारी समूहाने १९९८ मध्ये केंद्र व राज्य सरकारच्या मदतीने सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. देशभर त्याचे नाव झाले. काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा आढळले की गावोगावच्या यंत्रांचा उपयोग मुख्यतः ऊस उत्पादकाला त्याच्या उसाची, खताची आणि बिलाची माहिती देण्याएवढाच होतो, आणि जुनी झालेली यंत्रे सांभाळणे महाग पडते. मग सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरून संदेश पाठवून तीच माहिती देण्याचा प्रयोग मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी केला व तो यशस्वी झाला. ज्या सभासदाला केवळ वजनाची पावती आणि बिल पाहायचे आहे त्याने रॅमच्या फंदात पडू नये, त्याच्या खिशातला फोन पुरे. ज्याची मुलगी अभियांत्रिकीला आहे किंवा ज्याचा मुलगा सेवा केंद्र चालवितो, त्याच्या संगणकात १६ जीबी असावी. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला केंद्रासमोर पन्नास माणसे उन्हात उभी असताना यंत्र अडकले तर नुकसान रॅमच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होते.

ज्या सभासदांना आपल्या पट्टीची जात ओळखता येत नसेल त्यांनी पट्टीवरील चिठ्ठीचा व टास्क मॅनेजरच्या त्या पानाचा स्वच्छ फोटो मोबाईलमध्ये घेऊन कामकाजाच्या दिवशी दुपारनंतर गट कार्यालयात यावे. कोणती पट्टी चालेल ते कागदावर लिहून मिळेल, दुकानात तोच कागद दाखवावा. काढलेल्या जुन्या पट्ट्या उकिरड्यावर टाकू नयेत. चालू असल्यास शाळेला द्याव्यात, बंद असल्यास इ-कचरा घेणाऱ्याकडे. आणि येताना खोडव्याची नोंद राहिली असेल तर सातबाराही सोबत आणावा.

— ऊस विकास अधिकारी, मेडशी गट